पूर्णवेळ नोकरी करून पोकर खेळणाऱ्याला प्राप्तिकरासाठी ‘व्यावसायिक जुगारी’ ठरता येते का?

तुम्ही अमेरिकेत पूर्णवेळ नोकरी करता, शनिवार-रविवारी कॅसिनोत पोकर खेळता, 2025 मध्ये जिंकलेल्या बैठकींची (खेळायला बसल्यापासून उठेपर्यंतची एक फेरी म्हणजे बैठक) बेरीज 40,000 डॉलर आणि हरलेल्या बैठकींची 37,000 डॉलर झाली, तर रिटर्नमध्ये स्वतःला व्यावसायिक जुगारी म्हणून दाखवावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी इथे इतरांचे रिटर्न भरून देण्याचे काम करतो, त्यामुळे हा मोह का होतो ते मला चांगले ठाऊक आहे. तरीही तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझे उत्तर ‘दाखवू नये’ असेच आहे.

मोहाचे कारण सरळ हिशेबाचे आहे. हौशी खेळाडूला जिंकलेले 40,000 डॉलर पूर्णच्या पूर्ण उत्पन्नात धरावे लागतात आणि हरलेली रक्कम वजा करायची असेल तर शेड्यूल ए (एकेक वजावट मोजून दाखवण्याचा फॉर्म) भरून, म्हणजेच स्टँडर्ड डिडक्शनवर (हिशेब न देता मिळणाऱ्या ठरावीक वजावटीवर) पाणी सोडून करावी लागते. अविवाहित करदात्यासाठी 2025 चे स्टँडर्ड डिडक्शन 15,750 डॉलर आहे. गृहकर्जाचे व्याज, राज्याचा कर अशा दुसऱ्या वजावटी तुमच्याकडे नसतील, तर प्रत्यक्षात 3,000 डॉलर कमावूनही करपात्र उत्पन्न 18,750 डॉलरने वाढते. शिवाय कनेटिकटसारख्या काही राज्यांच्या प्राप्तिकरात हौशी खेळाडूला हरलेली रक्कम वजाच करता येत नाही. व्यावसायिकाचा हिशेब मात्र शेड्यूल सी वर, म्हणजे व्यवसायाच्या नफ्या-तोट्याच्या फॉर्मवर होतो : 37,000 तिथल्या तिथे वजा होतात, 3,000 उरतात आणि स्टँडर्ड डिडक्शनही हातात राहते. हा फरक मला स्वतःला अन्यायकारक वाटतो, पण कायदा आज तसा आहे.

व्यावसायिक कोणाला म्हणायचे, याचा निकष अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1987 साली ‘कमिशनर विरुद्ध ग्रोट्झिंगर’ या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी घालून दिला. रॉबर्ट ग्रोट्झिंगर यांची नोकरी फेब्रुवारी 1978 मध्ये गेली आणि वर्षाचा उरलेला काळ त्यांनी कुत्र्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्यात घालवला. आठवड्याचे सहा दिवस ते शर्यतीच्या मैदानावर असत, शर्यतींची पत्रके अभ्यासण्यासह आठवड्याला 60 ते 80 तास याच कामाला देत आणि रोजची हारजीत वहीत टिपून ठेवत. त्यांनी 72,032 डॉलर लावले, 70,000 परत मिळवले, म्हणजे वर्षअखेरीस ते तोट्यातच होते. तरीही न्यायालयाने तो त्यांचा व्यवसाय मानला, कारण ते पूर्ण वेळ देऊन, सद्हेतूने, नियमितपणे आणि उपजीविकेसाठी खेळत होते. नफा झाला की माणूस व्यावसायिक ठरतो हा समज त्यामुळे चुकीचा आहे, आणि त्याचप्रमाणे यंदा तुम्हाला नफा झाला एवढ्यावर तुमचा दावा टिकत नाही.

नोकरी असलेल्याला दुसरा व्यवसाय असूच शकत नाही, असे मात्र नाही. पण पगारावर घर चालते, खेळायला सुट्टीचे दोन दिवस मिळतात आणि खेळात रंजनाचा भाग मोठा आहे, हे चित्र समोर असताना ‘उपजीविकेसाठी’ हा शब्द सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. खेळासाठी वेगळे बँक खाते आहे का, हरल्यावर पद्धत बदलली का, अभ्यासाला किती वेळ दिला, मागील वर्षांचा हिशेब काय सांगतो, असे प्रश्न तपासणीत विचारले जातात. दावा फेटाळला गेला तर कमी भरलेला कर, त्यावरचे व्याज आणि बहुधा त्या कराच्या 20 टक्के दंड असा भुर्दंड बसतो.

दोन्ही परिस्थितींत नोंदवही लागतेच, आणि ती वर्षअखेरीला आठवून लिहिलेली चालत नाही. एका बैठकीची नोंद साधारण अशी असावी : तारीख, कॅसिनोचे नाव व पत्ता, टेबल क्रमांक, नो-लिमिट होल्डेम, बसलो 2:10, उठलो 7:45, बाय-इन (बसताना चिप्ससाठी भरलेली रक्कम) 500, मध्ये आणखी 300, उठताना चिप्स 1,120, निव्वळ 320, सोबत कोण होते. बाय-इनची पावती किंवा एटीएमची चिठ्ठी त्याच पानाला लावून ठेवावी.

व्यावसायिक ठरल्यावर काय लागू होते, तेही ध्यानात घ्या. निव्वळ उत्पन्नाच्या 92.35 टक्के रकमेवर 15.3 टक्के स्वयंरोजगार कर लागतो. तुमच्या 3,000 वर तो सुमारे 424 डॉलर होईल. मोठ्या नफ्याच्या वर्षी हीच रक्कम हौशी खेळाडूच्या तुलनेत चांगलीच जड जाते. जिंकलेल्या रकमेपेक्षा अधिक तोटा व्यावसायिकालाही पगारातून वजा करता येत नाही, आणि 2018 पासून प्रवास, प्रवेश शुल्क असे खर्चही त्याच मर्यादेत येतात. त्यात 2026 पासून हरलेल्या रकमेपैकी फक्त 90 टक्केच वजा होणार आहेत, आणि हा नियम हौशी व व्यावसायिक दोघांनाही आहे. हेच आकडे 2026 चे असते, तर 37,000 पैकी 33,300 च वजा झाले असते आणि 3,000 ऐवजी 6,700 डॉलर करपात्र ठरले असते.

तुमच्या व्हिसाचा उल्लेख प्रश्नात नाही, पण तुम्ही एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर हा मुद्दा करापेक्षा मोठा आहे. त्या व्हिसावर ज्या कंपनीने अर्ज केला तिच्याचकडे काम करण्याची परवानगी असते, आणि शेड्यूल सी भरणे म्हणजे आपला स्वतंत्र व्यवसाय आहे असे सरकारला सहीनिशी लिहून देणे होय. तसे असेल तर रिटर्न पाठवण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. काहीशे किंवा काही हजार डॉलरचा कर वाचवण्यासाठी ग्रीन कार्डच्या अर्जात अडचण ओढवून घेऊ नका.