सोसायटीच्या बागेत फुलपाखरं आणि पक्षी यावेत म्हणून कोणती झाडं लावावीत?

झाडं सांगतेच, पण आधी एक विचारते. तुमच्या सोसायटीत कीटकनाशक फवारणीचं वार्षिक कंत्राट आहे का? असेल तर नर्सरीत जाण्याआधी बागेपुरतं ते बंद करून घ्या. तुम्ही लिहिलंय की कमिटीने बागेचं काम तुमच्यावर सोपवलंय आणि जागा अर्धा गुंठाच आहे. तेवढी भरपूर झाली. अडचण जागेची नसते, अळी दिसली की फवारणीवाल्याला फोन लावणाऱ्यांची असते.

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत पंपरूमच्या मागे कढीपत्ता होता, शेजारी कागदी लिंबू. कढीपत्ता कोणी लावलेला नव्हता, बुलबुलांच्या कृपेने उगवलेला. पावसाळ्यात कोवळी पालवी फुटली की लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरं तिथे घिरट्या घालायची. मादी पानावर क्षणभर टेकायची, पोट वाकवून एक अंडं चिकटवायची आणि पुढच्या पानावर जायची. लहान अळी थेट पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, तपकिरी-पांढरी, म्हणून पक्षी तिच्याकडे फिरकत नाहीत. मोठी झाली की हिरवीगार होते. गवताची काडी लावली की डोक्यामागून दोन टोकांचं मऊ शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. इमारतीतली मुलं शाळेतून आली की दप्तरासकट तिथे जायची, कोष कुठल्या फांदीला बांधलाय ते एकमेकांना दाखवायची.

गणपतीच्या आधी सेक्रेटरींनी त्या कोपऱ्यात फवारणी करून घेतली. कारण काय, तर डास. अळ्या टपाटपा खाली पडल्या होत्या आणि मुलं त्या डब्यात गोळा करत होती. सर्वसाधारण सभेत मी विचारलं, डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, मग गच्चीवरची पिंपं आणि कुंड्यांखालच्या ताटल्या सोडून कढीपत्त्यावर औषध कशाला? उत्तर मिळालं, ‘मॅडम, बाग स्वच्छ दिसली पाहिजे.’ पुढच्या वर्षी तो कोपराच साफ केला. तिथे आता लॉन आहे आणि पामची रांग. लॉन उन्हाळाभर पाणी पितं आणि मुलांना त्यावर पाय ठेवायची परवानगी नाही. सोसायटीने पैसे घालवायचा याहून वाईट मार्ग मला माहीत नाही.

आता झाडं. कढीपत्ता, लिंबू, बेल आधी लावा. आपलं राज्य फुलपाखरू राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉरमॉन, 2015 साली जाहीर झालं, तिच्याही अळ्या लिंबाच्या कुळावरच वाढतात. प्लेन टायगर फुलपाखरासाठी रुई. पानफुटी कुंडीतही चालेल, रेड पिएरो फुलपाखराची अळी तिच्या जाड पानाच्या आत शिरून गर खाते. पिवळी कॉमन एमिग्रंट हवी असतील तर बहावा. फुलांसाठी अडुळसा आणि जास्वंद, मध पिणारा छोटा शिंजीर पक्षी त्यावर येतोच. मोठ्या झाडाला जागा असेल तर एकच लावा, उंबर. त्याला वर्षातून अनेकदा फळं धरतात, त्यामुळे तांबट, कोकीळ, हरियाल हे पक्षी आणि रात्री वटवाघळं, सगळ्यांची सोय होते. गाड्यांवर फळं पडतात अशी तक्रार येणार. पार्किंग हलवा.

खोटा अशोक आधीच असेल तर राहू द्या, टेल्ड जे फुलपाखराची अळी त्याची पानं खाते. कॉनोकार्पस हे परदेशी शोभेचं झाड मात्र फुकट मिळालं तरी नको. गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

माळीबुवांना दोन गोष्टी सांगा. पालापाचोळा जाळायचा नाही, झाडाखालीच पसरायचा, दयाळ पक्षी त्यातच किडे शोधतो. आणि वाळलेली फांदी रस्त्यावर किंवा गाड्यांवर झुकलेली नसेल तर तोडायची नाही. तांबट शेवग्याच्या नाहीतर पांगाऱ्याच्या मेलेल्या फांदीतच भोक पाडून घरटं करतो. फेब्रुवारीत त्या गोल भोकाखाली भुसा पडलेला दिसला तर समजा बिऱ्हाड आलं. ‘वाळकी फांदी वाईट दिसते’ म्हणून ती कापणाऱ्यांशी मी आजही भांडते.

हो, उंबर इमारतीपासून आणि ड्रेनेज लाइनपासून चांगला लांब लावा, मुळं भिंत फोडतात. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर त्रास होतो, तेव्हा ती खेळण्याच्या जागेपासून दूर. पक्ष्यांसाठी पाणी ठेवलंत तर रोज बदला आणि भांडं घासा. दाणे अजिबात टाकू नका, कबुतरांचा थवा सोडून काही येणार नाही. आणि छाटणीच्या नावाखाली कोणी आख्खं झाड बोडकं करू लागला तर 1975 चा महाराष्ट्र झाडांचे संरक्षण व जतन कायदा दाखवा. झाडाला इजा करणंही त्यात तोडण्यातच धरलं आहे आणि सोसायटीच्या आवारातल्या झाडालाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

शेवटचं, कमिटीने काम तुमच्यावर सोपवलंय हे तोंडी असेल तर पुढच्या सभेत ठराव करून घ्या: बागेत फवारणी नाही, आणि करायचीच तर सभेला विचारून. इतिवृत्तात तो वाचून, सही झाल्यावरच खड्डे खणा. आमच्याकडे जुन्या कमिटीने शब्द दिला होता. नवीन कमिटी म्हणाली, कागद दाखवा.