घडीच्या चाकूची आरी

विचारणा कऱ्हाडहून आली आहे. घडीच्या चाकूत पात्यांसोबत एक जाड, आखूड, टोकदार काटा असतो. घरात कोणी त्याला टोच्या म्हणतं, कोणी दाभण. नेमका शब्द कोणता, आणि रोजच्या कामात त्याचा उपयोग काय?

माझ्या मते शब्द एकच: आरी. चांभाराची असते तीच. अमरकोशात ‘आरा चर्मप्रभेदिका’ असं सरळ दिलंय, म्हणजे चामडं भेदणारी ती आरा. बैल हाकायच्या पराणीला पुढे जी अणकुचीदार आर असते, तीही याच घरातली. टोच्या म्हणायला हरकत नाही, पण तो कशालाही चालतो.

दाभण मात्र मला पटत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं पोतं दाभणाने शिवतात. दाभण म्हणजे नाकात सुतळी ओवलेली मोठी सुई. ती तागाचे धागे बाजूला सारते आणि सुतळी घेऊनच पलीकडे जाते. आरी आधी वाट पाडते. चपलेचा तळ शिवणाऱ्याचे हात बघा. आरी तळातून आरपार जाते, खालचा हात टोकाजवळच्या खाचेत दोरा अडकवतो, मागे येताना आरी दोऱ्याचा फास वर ओढून आणते, मग त्या फासातून दोऱ्याचं दुसरं टोक काढून टाका आवळतात. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यातल्या आठ जिल्ह्यांत सातारा आणि सांगली दोन्ही आहेत. हा शब्द आपल्याकडे कोशातून आणावा लागत नाही. ब्लाउजवरच्या ‘आरी वर्क’मधली आरी हीच, फक्त बारीक आणि आकड्याची.

गोंधळ होतो तो हिंदीमुळे. हिंदीत आरी म्हणजे करवत, आणि या चाकूंत पुष्कळदा करवतही असते! म्हणून मुलांना शिकवताना ‘चांभाराची आरी’ असं म्हणावं.

स्विस सैन्याच्या १८९०च्या चाकूत मोजकीच अवजारं होती: पातं, डबा उघडणी, स्क्रू ड्रायव्हर आणि आरी. जर्मनमध्ये हिला ‘आले’ म्हणतात. संस्कृत ‘आरा’ आणि हे ‘आले’ एकाच मुळाचे मानले जातात, याचा मला फार आनंद वाटतो.

आता उपयोग. सगळ्यात जास्त कामाला येते ती बेल्टला नवं भोक पाडायला. बेल्ट लाकडी फळीवर ठेवा, खूण करा, टोक रोवा आणि फिरवा. चाकूच्या आरीला बहुधा एका बाजूने धार असते. ती धार ज्या दिशेने चामडं कापत जाईल तिकडेच फिरवायचं. निम्मं भोक एका अंगाने, निम्मं दुसऱ्या अंगाने पाडलं की कड स्वच्छ येते. लाकडात स्क्रू बसवण्याआधी असंच छोटं भोक पाडून घेतलं तर फळी तडकत नाही. ओल्याने घट्ट बसलेली दोरीची गाठ सोडवतानाही टोक उपयोगी पडतं, पण धार दोरीला लागू द्यायची नाही. शहाळ्याला नव्हे, पण सोललेल्या नारळाचा मऊ डोळा फोडायला ही उत्तम.

तीच धार काही ठिकाणी नडते. पोत्यात घातली तर तागाचे धागे सरकत नाहीत, तुटतात. तिथे दाभणच हवं. ताडपत्रीला भोक पाडलंत तर धातूची रिंग बसवा, नाहीतर वाऱ्याने ते फाटत जातं. ठिबकच्या नळीला तर आरी लावूच नका. भोक ओबडधोबड पडतं आणि ड्रिपर बसवल्यावर कडेने पाणी गळत राहतं. त्याला पंचच वापरावा.

काही आऱ्यांना सुईसारखं नेढंही असतं. त्यात जाड दोरा ओवून दप्तराचा तुटलेला पट्टा शिवता येतो. मात्र बहुतेक चाकूंत आरी उघडल्यावर कुलूप लागत नाही. मिटण्याच्या दिशेने जोर पडला की ती बोटांवर येते. म्हणून दाब सरळ टोकाच्या रेषेत द्या आणि खालचा हात टोकासमोर धरू नका.