दिग्दर्शकाचा सर्वांत प्रभावी पहिला चित्रपट कोणता?

माझं उत्तर: सिडनी लुमेटचा '१२ अँग्री मेन' (१९५७). जवळजवळ संपूर्ण चित्रपट ज्यूरीच्या (खटल्याचा निकाल ठरवणाऱ्या नागरिकांच्या) एकाच खोलीत घडतो, तरी ती खोली हळूहळू आवळत जाते, आणि हे सगळं कॅमेऱ्याने साधलंय. पहिल्या एक-तृतीयांश भागात कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर, मधल्या भागात बरोबर पातळीवर, शेवटी खाली. म्हणून अखेरीस छतही दिसू लागतं. सोबत लेन्सची फोकल लेंग्थ वाढत जाते, म्हणजे लेन्स दृश्य अधिकाधिक जवळ ओढते, त्यामुळे भिंती माणसांना खेटल्यासारख्या वाटतात. बाहेरच्या शेवटच्या दृश्यात एकदम सर्वांत वाइड (जास्त विस्तार दाखवणारी) लेन्स येते आणि प्रेक्षकालाही मोकळा श्वास घेता येतो. लुमेटने ही योजना स्वतःच पुढे सविस्तर लिहून ठेवली आहे. दुसऱ्यांदा बघताना आवाज बंद करून बघा, रचना लख्ख दिसते.

एक मात्र लक्षात घ्या: लुमेट त्याआधी अनेक वर्षं टीव्हीवर थेट प्रक्षेपित नाटकं बसवत होता. खरोखर कोरी पाटी हवी असेल, तर सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' (१९५५). तिथे दिग्दर्शक नवा, आणि छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनीही त्याआधी कधी चित्रपटाचा कॅमेरा चालवला नव्हता.