साथीच्या काळात डायलिसिस चुकवलं तर चालतं का?

तुम्ही विचारलंय, पुन्हा कोरोनासारखी साथ आली तर आईला सेंटरवर न्यावं, की संसर्ग नको म्हणून एखादं डायलिसिस चुकवावं? अजिबात चुकवू नका.

मे २०२०, डोंबिवली. ह्यांचं डायलिसिस सोमवारी आणि गुरुवारी असायचं. गुरुवारचं झालं आणि शनिवारी सेंटरमधून फोन आला: एक पेशंट पॉझिटिव्ह निघालाय, सेंटर बंद. निगेटिव्ह रिपोर्ट आणल्याशिवाय कुणालाच मशीन मिळणार नाही. रविवारी स्वॅब दिला, सोमवार कोरडा गेला. आणखी तीन ठिकाणी फोन केले, तर सगळीकडे एकच उत्तर, "तुमच्या नेहमीच्या सेंटरला विचारा." मंगळवारी पाय इतके सुजले की चप्पल चढेना. रात्री आडवं झालं की दम लागायचा, म्हणून खुर्चीत बसून समोर उशा रचल्या आणि त्यावर डोकं टेकवलं. मोठे दीर मात्र फोनवर, "एक चुकलं म्हणून काय होतंय? तिथे जाऊन कोरोना आणण्यापेक्षा घरी बरे." वर ताकदीसाठी शहाळं द्या म्हणे! शहाळ्यातलं पोटॅशियम ह्यांच्या रक्तात साठलं तर हृदय बंद पडेल, हे मी त्यांना चार वर्षं सांगत होते.

रिपोर्ट त्याच रात्री उशिरा आला. बुधवारी पहाटे शेजाऱ्यांच्या गाडीतून, प्रत्येक नाक्यावर पोलिसांना फाईल दाखवत सेंटर गाठलं. वजन साडेपाच किलोंनी वाढलेलं. चार तासांत साडेतीन लिटर पाणी काढलं, उरलेल्यासाठी दुसऱ्या दिवशी परत बोलावलं.

एका पेशंटपायी सेंटरला कुलूप लावणं चूकच होतं. हिपॅटायटिस बीच्या पेशंटला वेगळं मशीन वर्षानुवर्षं देतातच ना? तसंच संशयित पेशंटला दिवसाची शेवटची शिफ्ट द्यायची, कडेची खाट द्यायची आणि नंतर सगळं निर्जंतुक करायचं. "घरी राहा, सुरक्षित राहा" हे ज्याची किडनी चालते त्याला सांगावं. आमच्या माणसाला आठवड्यातून दोनदा बाहेर पडावंच लागतं.

आईची फाईल, औषधांची यादी आणि दुसऱ्या एका सेंटरचा नंबर आत्ताच तयार ठेवा. सेंटरवर मास्क काढून डबा खाऊ देऊ नका, खाणं घरी आल्यावर. लस निघाली की पहिल्या रांगेत उभ्या राहा. १ मार्च २०२१ पासून पंचेचाळिशीपुढच्या डायलिसिसवाल्यांना लस खुली झाली, तेव्हा ह्यांनी त्याच महिन्यात घेतली.

दीर अजून म्हणतात, तेव्हा घरात ठेवलं म्हणून हे वाचले. नाही. त्या बुधवारी मशीन मिळालं म्हणून वाचले.

एक सांगायचं राहिलं. मी डॉक्टर नाही, आणि धोका खरा आहे, डायलिसिसच्या पेशंटना कोरोना जास्त जड गेला. ताप नसला तरी नुसता थकवा किंवा खोकला दिसला तर निघण्याआधी सेंटरला फोन करून कळवा. आठवड्यातली तीन डायलिसिस दोनवर आणायची असतील तर ते किडनीच्या डॉक्टरांनीच, म्हणजे नेफ्रॉलॉजिस्टनीच ठरवावं. आणि आई पोटाचं डायलिसिस घरीच करत असतील, तर यातलं बरंचसं तुम्हाला लागू नाही, फक्त त्यासाठी लागणाऱ्या द्रवाच्या पिशव्यांचा साठा आधीच करून ठेवा.