तांबड्या पेशी मोडीत कोण काढतं?

प्रश्न : आईचं एचबीएवनसी (डायबेटिसची ती रक्ततपासणी) दोन वर्षं ८ च्या वर होतं. दोन महिन्यांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालं, दोन बाटल्या रक्त चढवलं आणि आता रिपोर्ट आला ६.७. घरात सगळे खूश, आई तर श्रीखंड मागतेय! पण लॅबवाला म्हणाला, रक्त चढवलंय तर हा आकडा धरू नका. असं का? आणि तांबड्या पेशी १२० दिवस जगतात म्हणतात, तर एवढे दिवस झाले हे शरीराला कळतं कसं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : श्रीखंड जरा थांबवा, लॅबवाल्याचं बरोबर आहे. साखर हिमोग्लोबिनला एकदा पक्की चिकटली की पेशी संपेपर्यंत सुटत नाही, म्हणजे पेशी जितकी जुनी तितकी तिच्यावर साखर जास्त, आणि रक्तात सगळ्या वयाच्या पेशी असतात म्हणून तो आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब सांगतो. आता त्यात दुसऱ्याच कुणाच्या, बहुतेक डायबेटिस नसलेल्या माणसाच्या पेशी आल्या, शिवाय ऑपरेशनमधे आईंच्या स्वतःच्या गेल्या आणि कोऱ्या करकरीत तयार झाल्या, मग आकडा उतरणारच की. रक्त कधी चढवलं ती तारीख डॉक्टरांना आवर्जून सांगा, तोवर ग्लुकोमीटरच्या रीडिंगवर लक्ष ठेवायचं.

१२० दिवसांमागची गोष्ट भारी आहे. न्यूयॉर्कमधे डेव्हिड शेमिन नावाच्या बायोकेमिस्टने जड नायट्रोजनवालं ग्लायसीन (हिमोग्लोबिन बनवायला लागणारं एक अमिनो आम्ल) तीन दिवसांत ६६ ग्रॅम स्वतःच खाल्लं आणि नंतर कित्येक महिने स्वतःचं रक्त तपासत बसला, तो नायट्रोजन हिमोग्लोबिनमधे कधी येतो नि कधी जातो ते बघायला. १९४६ मधे त्याने आणि त्याचा सहकारी रिटनबर्गने छापलेला आकडा होता १२७ दिवस.

पण शरीरात दिवस मोजणारं कुणी नाही. पेशी झिजते आणि ती झीज पकडली जाते. तांबड्या पेशीला केंद्रकच नसतं, त्यामुळे नवीन पार्ट बनवायची सोय नाही, डेपोतून सुटलेली एसटी आणि वाटेत एकही गॅरेज नाही असा प्रकार. फिरता फिरता आवरणाचे बारीक तुकडे गळत जातात, पेशी लहान, गोलसर आणि कडक होते. आणि प्लीहा (आजी जिला पानथरी म्हणायची ती) म्हणजे या गाड्यांचं पासिंग! तिथे रक्तवाहिनीच्या भिंतीत एखाद-दोन मायक्रॉनच्या फटी असतात आणि त्यातून सात-आठ मायक्रॉनच्या पेशीला अंग चोरून निघावं लागतं, तरणी पेशी निघते, म्हातारी अडकते.

बाहेरून खुणाही दिसतात. आवरणाच्या आतल्या बाजूला असणारं फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचं स्निग्ध द्रव्य बाहेर येतं, बँड थ्री नावाची प्रोटीनं एकत्र गोळा होतात आणि त्यांच्यावर आपल्याच अँटिबॉडी येऊन बसतात. शिवाय पेशीवर सीडी४७ नावाचं प्रोटीन असतं, ते मॅक्रोफेजला (जुन्या पेशी नि जंतू गिळणाऱ्या पेशींना) सांगत असतं की मला खाऊ नको. हे नसलेल्या पेशी उंदरांच्या रक्तातून झपाट्याने गायब झाल्या, असं २००० मधे दिसलं. यातली नेमकी कुठली खूण निर्णायक यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत, मला तरी वाटतं सगळ्या मिळूनच काम होत असणार.

मग मॅक्रोफेज पेशीला गिळतात आणि लोखंड काढून घेतात. असे रोज २०-२५ मिलिग्रॅम परत मिळतात, जेवणातून मिळतात जेमतेम एक-दोन, म्हणजे घर चालतं ते मोडीवरच. उरलेल्या हीमचं (हिमोग्लोबिनमधला लोखंड धरून ठेवणारा भाग) आधी हिरवं बिलिव्हर्डिन, मग पिवळं बिलिरुबिन होतं. मुका मार लागल्यावर काळानिळा डाग हिरवा-पिवळा होत जातो ना, तो हाच प्रकार, फक्त कातडीखाली.

प्रश्न : अपघातात भाच्याची प्लीहा काढावी लागली. आता जुन्या पेशी साठत जातील का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही साठत, यकृतातले आणि अस्थिमज्जेतले मॅक्रोफेज ते काम उचलतात. फक्त प्लीहेइतकी बारीक साफसफाई होत नाही, त्यामुळे स्लाइडवर काही पेशींत केंद्रकाचे उरलेले ठिपके दिसतात, त्यांना हॉवेल-जॉली बॉडीज म्हणतात, रिपोर्टमधे ते नाव वाचून घाबरू नका. खरी काळजी इन्फेक्शनची, कारण प्लीहा जंतूही गाळते. न्यूमोकॉकस आणि मेनिंगोकॉकसच्या लसी झाल्यात का ते विचारून घ्या, आणि थंडी वाजून ताप आला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघत बसू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा आणि प्लीहा नाही हे आधी सांगा.