विसार दिला, पण गाडी सांगितली तशी निघाली नाही

खानापूर-निपाणीची माणसं गाडी बघायला कोल्हापूर-सांगलीला जातात, तिकडची इकडे येतात. भांडण झालं की ‘दुसरं राज्य, कोण फेऱ्या मारणार’ म्हणत विसाराचे पैसे सोडून देतात. कष्टाचे पैसे असे सोडू नका. म्हणून यावेळची सगळी उत्तरं याच विषयावर.

प्रश्न : कोल्हापूरच्या एका डीलरकडे जुनी गाडी पसंत केली. ‘पहिलाच मालक, ४८ हजार किलोमीटर’ असं त्यानं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं होतं. २५ हजार विसार यूपीआयनं दिला. नंतर आरसी बघितली तर मी चौथा मालक होणार. सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत गाडी दोन वर्षांपूर्वीच ८१ हजार पळालेली. डीलर म्हणतो, विसार परत द्यायची पद्धत नाही. केस करायची तर कोल्हापुरात येऊन कर. (खानापूर)

उत्तर : दोन्ही गोष्टी त्यानं चुकीच्या सांगितल्या आहेत. घेणाऱ्यानं शब्द फिरवू नये म्हणून विसार असतो. इथे शब्द गाडी विकणाऱ्यानं मोडला आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १९ नुसार खोटी माहिती देऊन मिळवलेली संमती तुम्हाला मोडून काढता येते, आणि व्यवहार मोडला की घेतलेले पैसे परत करावे लागतात. वर्णन सांगून विकलेली वस्तू वर्णनाशी जुळलीच पाहिजे, हे १९३० च्या वस्तू विक्री कायद्यात कलम १५ मध्ये आहे.

डीलर म्हणेल, आरसी तूच आधी बघायची होतीस. नकळत चुकीची माहिती दिली गेली असेल तर या म्हणण्याला थोडं वजन येतं. पण मीटर मागे फिरवलेलं माहीत असून ‘४८ हजार’ लिहिणं ही उघड फसवणूक आहे. तिथे ही पळवाट चालू नये.

आता कोल्हापूरची गोष्ट. जुन्या कायद्यात तक्रार समोरच्याच्या गावी किंवा व्यवहार जिथे घडला तिथेच करावी लागे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आणि ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाण्याचा हक्क मिळाला. म्हणजे तुम्ही बेळगावात तक्रार करा, डीलर बेळगावला येईल. सीमाभागातल्या माणसाला या एका तरतुदीचा जेवढा उपयोग आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या कुणाला असेल. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन ‘ई-जागृती’ पोर्टलवरूनही करता येते. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं.

त्याआधी तीन कामं. उरलेले पैसे देऊ नका आणि गाडी ताब्यात घेऊ नका. खोटं कळल्यावरही गाडी घेतली, तर तुम्हाला व्यवहार मान्य होता असं धरलं जाईल. चॅट, जाहिरात, यूपीआयची नोंद आणि सर्व्हिस रेकॉर्ड जपून ठेवा, मूळ फोनसकट. मग १५ दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टानं पत्र पाठवा: काय सांगितलं होतं, काय निघालं, किती रुपये परत हवेत. जुन्या गाड्यांच्या डीलरला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचं प्राधिकारपत्र लागतं. त्याची प्रत पत्रातच मागा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद करा. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच तंट्यांत पैसे पत्रानंतरच सुटले आहेत.

प्रश्न : गाडीत काही दोष नाही, पण घरच्यांना पसंत पडली नाही. १० हजार विसार परत मिळेल का? (अनगोळ, बेळगाव)

उत्तर : हक्कानं मागता येणार नाही. शब्द तुमच्याकडून मोडला आहे. गाडी लगेच दुसऱ्याला गेली असेल तर गोडीनं विचारा, काही भाग मिळू शकतो.

प्रश्न : ओळखीच्या एका गृहस्थांकडून गाडी ठरवली. ४० हजार रोख दिले, पावती नाही. मेकॅनिकनं सीटखालचं कारपेट उचललं तर गाळ आणि गंज. गाडी पुरात बुडालेली होती. आता ते पैसे द्यायला टाळाटाळ करतात. (निपाणी)

उत्तर : २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर आपल्या भागात अशा गाड्या धुऊनपुसून बाजारात आल्या. तुमची अडचण पहिल्या वाचकापेक्षा जास्त आहे, हे आधी सांगतो. ते गृहस्थ व्यापारी नाहीत, त्यामुळे ग्राहक आयोग नाही. दिवाणी कोर्ट, आणि मुदत ३ वर्षं. दुसरं, नुसतं गप्प बसणं कायद्यात सहसा फसवणूक ठरत नाही, विचारल्यावर खोटं बोलणं ठरतं. ‘पाण्यात गेली होती का?’ असं तुम्ही विचारलं होतं का? त्या वेळी कोण हजर होतं? ते आठवून आजच लिहून ठेवा.

रोख पैशांचा पुरावा अजून तयार होऊ शकतो. त्यांना साधा मेसेज पाठवा : ‘अमुक तारखेला तुमच्या घरी दिलेले ४० हजार कधी देता?’ ‘पुढच्या महिन्यात बघू’ एवढं उत्तर आलं तरी पुष्कळ. विम्याची जुनी पॉलिसीही मागा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मधेच शून्य झाला असेल तर क्लेम घेतल्याची ती खूण असू शकते. मग कंपनीकडे चौकशी करा. कोर्टाआधी बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून लोक अदालतीत बसा. तिथे फी नाही, आणि तडजोड झाली तर ती कोर्टाच्या हुकुमासारखीच असते. ओळखीच्या माणसाशी कायमचं वैर नको असेल तर हीच वाट बरी.

प्रश्न : विसार देताना कन्नडमधल्या बाँडवर सही घेतली. ‘पैसे मिळाल्याची पावती आहे’ म्हणाले. आता कळतं की त्यात ‘गाडी जशी आहे तशी, विसार परत नाही’ असं आहे. २०१९ चं मॉडेल सांगितलं होतं, आरसीवर २०१७ आहे. (शहापूर, बेळगाव)

उत्तर : वाचता आलं नाही म्हणून सही सहज नाकारता येत नाही. पण कागदात काय आहे हेच खोटं सांगितलं असेल तर तीही फसवणूक आहे. सांगणारा कोण आणि ऐकणारा कोण होता ते महत्त्वाचं. शिवाय ‘जशी आहे तशी’ यात झिजलेले टायर, ढिला क्लच एवढंच बसतं. मॉडेलचं वर्ष खोटं सांगायची मुभा त्यातून मिळत नाही. विसार परत मागा.

आणि बाकी सगळ्यांनी : कागद कन्नडमध्ये असला तर सहीच्या वर आपल्या हातानं मराठीत लिहा : मॉडेल, कितवा मालक, किलोमीटर, अपघात किंवा पूर नाही, कर्जाचा बोजा नाही, यातलं काही खोटं निघालं तर विसार पूर्ण परत. करार कायद्याला भाषेचं बंधन नाही. समोरच्याची सही त्याच मजकुराखाली घ्या आणि फोटो काढा.

प्रश्न : भावानं ऑनलाइन जाहिरात बघून १५ हजार पाठवले. विकणारा मराठा लाइट इन्फन्ट्री सेंटरमधला जवान, बदली झाली म्हणून गाडी स्वस्तात देतोय. आता ‘ट्रान्सपोर्टचे’ आणखी ८ हजार मागतो. (उचगाव)

उत्तर : गाडीच नाही आणि तो जवानही नाही. बेळगावात सेंटर आहे, लष्करावर आपला जीव आहे, हे ओळखूनच ते नाव घेतलं आहे. एक रुपयाही पाठवू नका. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० या नंबरवर, फोन करून यूपीआयचा व्यवहार क्रमांक द्या, बँकेलाही कळवा. जितका उशीर होईल तितकी पैसे त्या खात्यात अडवता येण्याची शक्यता कमी होते. मग जवळच्या पोलिस ठाण्यात जाऊन लेखी तक्रार द्या.