सतरा वेळा छान

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली, त्या इंग्रजी पुस्तकाच्या अनुवादाची पहिली दोन प्रकरणं रविवारी सकाळी हातात घेतली आणि जेवायची हाक येईपर्यंत खाली ठेवली नाहीत. संवाद बोलके आहेत, म्हाताऱ्या वकिलाचा तिरसटपणा नेमका उतरलाय. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं पत्र एकाच शब्दाबद्दल आहे आणि ते वाचताना तुझा चेहरा पडायला नको.

तो शब्द म्हणजे 'छान'. वाचताना पेन्सिलीने गोल करत गेलो, तर चौतीस पानांत सतरा गोल झाले. छान घर, छान मुलगी, छान हवा, छान जेवण. मूळ पुस्तक काढून ताडून पाहिलं, सतराही ठिकाणी 'नाइस' होतं. तू शब्दाशी इमान राखलंस आणि तिथेच फसलीस.

फोनवर तू विचारलंस की 'नाइस'साठी समानार्थी शब्दांची यादी आहे का तुमच्याकडे? यादी काय, आत्ता देतो. सुरेख, सुबक, गोड, लोभस, उमदा, नामी, झकास, टुमदार, सालस. पण ही समोर ठेवून तू सतरा जागी सतरा शब्द पेरलेस, तर अनुवाद आणखी बिघडेल. घर टुमदार असतं, जेवण टुमदार नसतं. मुलगी सालस असते, हवा सालस नसते. आपली पसंतीची विशेषणं आपापल्या घरी नांदणारी आहेत. 'नाइस' मात्र कुणाच्याही घरी जाऊन राहतं, आणि ते त्याला कसं जमलं ही गोष्ट तुला माहीत असायला हवी.

लॅटिनमध्ये 'नेस्कियस' म्हणजे न जाणणारा, अडाणी. त्यातलं 'ने' हे आपल्या 'न'चंच भावंड. तिथून जुन्या फ्रेंचमार्गे १३०० च्या सुमारास हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता मूर्ख, बावळट. चौदाव्या शतकातल्या चॉसर कवीच्या इंग्रजीत तुला कुणी नाइस म्हटलं असतं तर तू भांडायला उठली असतीस. मग मूर्खाचा नखरेल झाला, नखरेलाचा चोखंदळ, चोखंदळाचा काटेकोर, बारीक. सुखावणारा, आवडणारा हा अर्थ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला. आणि इतका रुळला की १८१७ च्या डिसेंबरात निघालेल्या 'नॉर्थँगर ॲबी' या कादंबरीत जेन ऑस्टिनने त्याची थट्टाच मांडली. त्यातली नायिका कॅथरीन एका कादंबरीला जगातलं सर्वांत नाइस पुस्तक म्हणते. त्यावर हेन्री टिल्नी म्हणतो, म्हणजे सर्वांत नीटनेटकं ना? मग ते बांधणीवर अवलंबून. पुढे तो कुरकुरतो की आता कशाचीही, कसलीही स्तुती या एकाच शब्दात कोंबतात. दोनशे वर्षांपूर्वीची ही कुरकुर मला तुझं हस्तलिखित वाचताना पानोपानी आठवत होती.

आता खरा धोका कुठे आहे ते सांगतो. 'नाइस'चे ते मधले अर्थ अजून जिवंत आहेत. पान १९ वर वकील म्हणतो, 'दॅट्स अ नाइस पॉइंट ऑफ लॉ'. तू लिहिलंस, 'हा कायद्याचा छान मुद्दा आहे.' तो कौतुक करत नाहीये गं. खटला इकडे झुकेल की तिकडे, हे एका केसाएवढ्या फरकावर आहे, असं तो सांगतोय. 'इथे कायद्याचा कीस काढावा लागणार' असं काहीतरी हवं. आणि पान २६ वर धाकट्या भावाबद्दलचं वाक्य बघ, 'ही वॉज नॉट टू नाइस अबाउट हाउ ही मेड हिज मनी'. तू त्याचं 'पैसा मिळवण्याबाबत तो फारसा छान नव्हता' असं केलंस. हे मराठी कुणाच्या तोंडी बसेल? 'पैसा कुठून येतो याचं सोवळंओवळं त्याने कधी पाळलं नाही.' सोवळं हा शब्द त्या जुन्या चोखंदळ 'नाइस'ला इतका चपखल बसतो की मला तो सापडला तेव्हा उठून दोन फेऱ्या मारल्या होत्या.

आपल्याकडे याच्या उलटा प्रवास झालेला शब्द आहे, तोही लक्षात ठेव, शेवटी लागणार आहे. विठ्ठलाचं रूप डोळ्यांनी पाहिल्यावर ज्ञानदेव म्हणतात, 'तो हा विठ्ठल बरवा, तो हा माधव बरवा'. तिथे बरवा म्हणजे सुंदरातला सुंदर. म्हणजे बघ, ज्या सुमारास तिकडे नाइस म्हणून मूर्खाला हिणवत होते, त्याच सुमारास इकडे बरवा हा शब्द देवाला वाहिला जात होता. आज त्याच घराण्यातला 'बरा' कुठे येऊन ठेपलाय? 'सिनेमा कसा होता?' 'बरा होता.' म्हणजे तिकिटाचे पैसे अगदीच बुडाले नाहीत. गोव्यात मात्र त्याचं वजन टिकून आहे. कोकणीत आभार मानताना 'देव बरें करूं' म्हणतात, त्यात हात जराही आखडता नसतो.

पान ३० वर जेवणाचा प्रसंग आहे आणि तिथे तू एकामागोमाग एक तीन छान वाढलेस. यावर तुला आमच्या घरातली एक गोष्ट सांगतो. दिवाळीच्या आधी शेजारपाजारच्या बायका आमच्याकडे चकल्या करायला जमायच्या. पहिला घाणा निघाला की माझी आत्या त्यातली एक चकली उचलायची, मधोमध मोडायची, मोडलेलं टोक उजेडाकडे धरून आत बघायची आणि म्हणायची, 'नळी पडलीये.' एवढंच. दुसरी कुणीतरी म्हणायची, 'काटाही आलाय हो.' आणि सोऱ्या पुन्हा फिरायला लागायचा. भाजणी, मोहन आणि तेलाचा ताव जमल्याशिवाय चकलीला नळी पडत नाही, हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे त्या दोन शब्दांत पूर्ण शाबासकी होती. तसंच भाकरीला पदर सुटला, भात मोकळा झाला, पुरण पोळीच्या कडेपर्यंत पोचलं. मला आठवतंय तेवढ्यात तिथे 'छान झालंय' असं कुणी म्हटलेलं नाही. जे साधलं त्याचं नाव घेतलं की स्तुती झाली.

याचा अर्थ मुळात नसलेलं पदरचं घुसडायचं असा घेऊ नकोस. त्या पानावर लेखकानेच दोन ओळी आधी 'पाय' नावाच्या त्या भाजलेल्या विलायती पदार्थाची कड कुरकुरीत असल्याचं सांगितलंय. तेवढंच उचल आणि पाहुण्याच्या तोंडी दे, 'कड काय खुसखुशीत झालीये!' लेखकाचं काही बिघडत नाही आणि पाहुणा मराठी बोलायला लागतो.

पान ३३ वर कारकून मोठ्या साहेबांना 'नाइस वर्क, सर' म्हणतो. तिथे 'छान' नको म्हणून तू 'शाब्बास, सर' केलंस. तुझी धडपड दिसली, पण हे चालणार नाही. शाब्बास मूळचा फारसी, 'शाद बाश', म्हणजे आनंदात राहा. तो आशीर्वाद आहे, तो थोरल्याकडून धाकट्याकडे जातो. कारकुनाने साहेबाच्या पाठीवर थाप मारल्यासारखं वाटतं ते. इंग्रजीत 'नाइस वर्क' खालून वरही चालतं, मराठीत कोण कुणाला म्हणतोय हे आधी बघावं लागतं. 'मानलं साहेब तुम्हाला' म्हणू दे त्याला.

सगळे छान खोडू नकोस. पान ७ वर आई सांडलेल्या शाईकडे बघून 'अ नाइस मेस' म्हणते, तिथे 'छान! चांगलाच घोळ घालून ठेवलास' हे तू फक्कड साधलंस, त्याला हात लावायचा नाही. चार वर्षांच्या नातीच्या तोंडीही छानच हवं, तिच्याकडे अजून दुसरा शब्द कुठाय?

इंग्रजी–मराठी कोशात 'नाइस' काढून त्याखालच्या ओळीतून शब्द उचलायची सवय सोड. त्याऐवजी मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश उघड, १८५७ ची दुसरी आवृत्ती. इंटरनेटवर फुकट आहे. रोज एक पान, कुठलंही, उगाच वाचायचं. शब्द कुणाला लागतो आणि कुणाला लागत नाही हे तिथे कळतं, आणि हवा असलेला शब्द आठवड्याभराने भलत्याच वेळी, भाजी निवडताना सुचतो. मला तरी असेच सुचत आलेत.

शेवटचा गोल पान ३४ वर आहे. अकरा वर्षांनी मुलगा दारात उभा आहे, म्हातारा वकील चष्मा पुसतो आणि म्हणतो, 'नाइस टु सी यू'. तू लिहिलंस, 'तुला बघून छान वाटलं.' मी तिथे बराच वेळ थांबलो. 'आनंद झाला' लिहून पाहिलं, तो म्हातारा असं छापील बोलणार नाही. मग समासात पेन्सिलीने लिहिलंय ते बघ. 'आलास. बरं वाटलं.'

पटलं तर ठेव. नाही पटलं तर तुझं कळव, मी वाट बघतो. पानं उद्याच्या टपालाने परत पाठवतोय.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
सर